एकशे बारा साखळ्या

६ नोव्हेंबर, बुधवार

नोकरीत होतो तेव्हा रोज तपासणीची वही भरायचो. कुठलं दुकान, कुठला तराजू, किती ग्रॅमची खोट. वजनमापे निरीक्षकाला दुसरं काय असतं. निवृत्त झालो, वही सुटली, पण खोड सुटली नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात तसं. आज पुन्हा वही काढली आहे, कारण घरात एक करार झाला आहे आणि तो लिहून ठेवलेला बरा.

ही (म्हणजे माझी बायको, वहीत तिचं नाव लिहायची मला सवय नाही) औषधाच्या तिसऱ्या डोसाला यायला तयार नाही. गेल्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढलं. गळ्याला पुढून भोक आहे, त्यातून श्वास घेते आणि पाटीवर लिहून बोलते. सप्टेंबरात गाठ परत आली, मग सलाईनमधून औषध सुरू झालं. दोन डोसांत केस गेले आणि बोटांची टोकं बधिर झाली. मागच्या खेपेला दवाखान्याच्या बाकावर हिचा रुमाल डोक्यावरून घसरला. समोरच्या लहान मुलीने आईला विचारलं, "त्या आजोबांच्या गळ्याला काय झालंय?" घरी येईपर्यंत हिने माझ्याकडे बघितलं नाही.

आज पाटीवर लिहिलं, "टोपी करा. झाली की येईन."

म्हटलं, बाजारात टोप्यांचे ढीग आहेत. तर लिहिलं, "टोचतात. आणि गळ्याचं काय?" मग चित्र काढून दाखवलं. क्रोशाची, जाळीची एक नळी. वरच्या कडेला भोकांची ओळ आणि त्यातून नाडी. नाडी ओढून गाठ मारली की टोपी. सैल सोडून खाली घेतली की गळ्याभोवती बसते, आणि जाळी असल्यामुळे श्वासाला आडकाठी नाही. सगळ्या नात्यागोत्यातल्या पोरांना हिने क्रोशाची टोपडी पुरवली आहेत. आता सुई हातात धरली तरी तिला कळत नाही की धरली आहे. म्हणून मी विणायचं. मला शर्टाचं बटण लावता येत नाही.

दवाखान्यात फोन केला. डॉक्टरीणबाई कामात होत्या. खिडकीवरच्या कारकुनाने २ डिसेंबरची तारीख दिली. म्हणजे सव्वीस दिवस. टोपी झाली की ही येणार, असा करार. मी पाटीवर तिची सही घेतली.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

लोकरीच्या दुकानात जाऊन "सगळ्यात मऊ द्या" म्हणालो आणि हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. लोकर मऊ होती, पण तिला लव होती. हिने गळ्याशी धरून बघितली आणि एक केस भोकात गेला. वीस मिनिटं खोकत होती. तोंडाने खोकता येत नाही, सगळं गळ्यातून येतं. मी पाठीवर हात फिरवत उभा होतो आणि मनात स्वतःला लाखोली वाहत होतो.

परत दुकानात गेलो. दुकानातल्या बाई तशा खाष्ट आहेत, सुटलेली लोकर परत घेणार नाही अशी पाटी लावलेली. पण गळ्याचं सांगितल्यावर त्यांनी गुंडे परत घेतले आणि गुळगुळीत, सुती मिश्रणाचा राखाडी निळा दोरा काढून दिला. "काका, विणणार कोण?" म्हणाल्या. मी म्हणालो, "मी." त्यांनी गिऱ्हाईक थांबवून काउंटरवरच पहिला फासा घालून दाखवला. फाशातून सुईने दोरा ओढायचा, झाली एक साखळी.

११ नोव्हेंबर, सोमवार

तीन दिवसांत तिने सांगितलेल्या एकशे बारा साखळ्या घातल्या. ही कुठल्याही निरीक्षकापेक्षा कडक. बोटांना कळत नाही म्हणून साखळी खालच्या ओठावरून हळूहळू ओढत मोजते. मोजून झाल्यावर लिहिलं, "१११."

एक पुढे जोडतो म्हटलं.

"पीळही आहे. उसव."

उसव. 'उसवा' नाही. बेचाळीस वर्षं 'अहो' आणि 'तुम्ही' झालं, आणि आज पाटीवर तू. मी विचारलं, हे कधीपासून? तर लिहिलं, "खडू वाचतो." वाईट वाटलं असं नाही, पण मान वर करून दोनदा वाचलं. मग उसवलं. तीन दिवसांचं काम उसवायला एक मिनिट लागत नाही.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

पहिले पाढे पंचावन्न.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

साखळी जमली. पुन्हा मोजली, भरली. आज खांब शिकलो. सुईवर दोरा घेऊन टाका उंच चढवला की तो खांब. दोरा न घेता बुटका टाका घातला की तो मुका खांब. आमच्या नमुन्यात एकाच घरात, म्हणजे एकाच साखळीत, पाच खांब घालायचे, त्याचा शिंपला होतो. दोन शिंपल्यांच्या मध्ये एक मुका. एका ओळीत चौदा शिंपले आणि चौदा मुके.

मुका का म्हणतात विचारलं. हिने लिहिलं, "उभा असतो. दिसत नाही. बोलत नाही." मग पुसून लिहिलं, "माझ्यासारखा." मी म्हटलं असं काही लिहू नकोस. तिने पाटी उलटी करून ठेवली.

संध्याकाळपर्यंत दीड ओळ झाली. तिने बोट फिरवलं. तिसऱ्या शिंपल्यात चारच खांब होते. उसव.

१८ नोव्हेंबर, सोमवार

चार ओळी झाल्या आणि पुन्हा मुळापर्यंत गेल्या. शिंपले घट्ट आहेत, डोक्यावर ताणले जाणार नाहीत, असं तिचं म्हणणं. नाकी नऊ आलेत. हिचा हात सैल होता, माझा नाही. तीस वर्षं वजनांवर शिक्के मारलेत, दोऱ्याला तेच वाटत असणार.

माप पुन्हा घेतलं. डोकं चौपन्न सेंटिमीटर, आहे तेवढंच. गळा सहा तारखेला तेहतीस होता, आज साडेएकतीस भरला. टेप बघितला. कापडी टेप आटतात, धुतले की हमखास. मी माझी पोलादी पट्टी काढून टेप तपासला. टेप बरोबर आहे. म्हणजे सहा तारखेला मी बोट आत घालून मोजलं असणार. शिकाऊ निरीक्षक करतात ती चूक. परवा पुन्हा मोजेन.

लेकीचा फोन आला. ती परगावी, सुट्टी दहा डिसेंबरनंतर. म्हणाली, "बाबा, आईला काहीतरी पौष्टिक द्या, रोज फिरवा, मन रमवा." उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. रागाने म्हणालो, तुझी आई दुधाची अर्धी वाटी संपवायला तास घेते. मग वाटलं, तिचा काय दोष.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळ वाईट गेली. गळ्यातून थोडं रक्त आलं. नर्सने शिकवलंय तसं पुसलं, भोकातली श्वासाची नळी साफ केली. मला आता हे सगळं न घाबरता येतं, याचंच कधीकधी मला भय वाटतं.

दुपारी ती पलंगावर उशीला टेकून बसली होती आणि मी शेजारी खुर्चीत सातवी ओळ करत होतो. मग तिने खडूने माझ्या गुडघ्यावर टकटक केलं. पाटीवर होतं, "एक मुका."

मी काम बघितलं. शिंपला नुकताच संपला होता आणि त्यापुढचा मुका मी घातलाही होता. पण गुरू तो गुरू, वाद कशाला. मी आणखी एक मुका घातला आणि काम तिच्यापुढे धरलं. तिने टाक्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं खोकला येतोय, मी भांडं आणायला उठलो. पण ती हसत होती. आवाज नसला की हसू नुसतं अंगावर दिसतं. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते मात्र मग बराच वेळ थांबेना.

विचारलं, "चुकलं का?" तिने मान हलवून नाही म्हटलं आणि तळहाताने पाटी पुसली. नंतर माझ्या मनगटावर हात ठेवून तशीच पडून राहिली. हात अडकल्यामुळे मला सुई चालवता आली नाही. अर्धा तास फुकट गेला.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

अपेक्षेप्रमाणे घोळ निघाला. सातव्या ओळीत शिंपले चौदा आणि मुके पंधरा. कालचाच तो जास्तीचा. उसवायला घेतलं तर तिने हात धरला.

"राहू दे."

"चूक आहे ती. पंधरा भरतात."

"राहू दे."

एका साखळीसाठी तीन दिवसांचं काम उसवायला लावणारी बाई ही. माझ्या नोकरीत असा मोजमापात मनमानी करणारा माणूस मी निलंबित केला असता. ठेवलं तसंच.

२५ नोव्हेंबर, सोमवार

दोरा कमी पडणार म्हणून दुकानात गेलो. बाईंनी काम हातात घेऊन उलटसुलट बघितलं. "छान जमतंय, काका. टोपी का गळपट्टी?" म्हटलं, दोन्ही. नाडी ओढली की टोपी, सोडली की गळ्याला. त्या म्हणाल्या, "अहो, पण त्यांना तर डोकंही झाकायचंय आणि गळाही. दोन्ही एकदम कसं होईल?"

एका वस्तूचं दोनदा वजन करून दोन वस्तू विकणारे दुकानदार मी आयुष्यभर पकडले, आणि ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. टोपी केली तर गळा उघडा, गळा झाकला तर डोकं उघडं.

घरी येऊन सांगितलं. तिने लिहिलं, "माहीत होतं."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"दोन कर."

"दोन तारखेपर्यंत? एक होता होता नऊ वेळा उसवायला लावली आहेस."

ती खिडकीबाहेर बघायला लागली. समोरच्या गच्चीवर कुणीतरी चादरी वाळत घालत होतं, तेवढंच दिसतं तिथून. आज पहिल्यांदा मनात आलं की हिला टोपी व्हायलाच नकोय की काय. मग स्वतःची लाज वाटली. आजारी माणसावर असे संशय घेऊ नयेत. ठरवलं की एक पूर्ण करायची आणि गळ्याला पांढरा रुमाल बांधायचा. करार एका टोपीचा होता.

गळा तीस. टेपबद्दल लिहीत नाही.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

चोरून विणतोय, म्हणजे उसवायला लावणार नाही. दुपारी दोन ते चार ती झोपते तेव्हा जिन्याच्या पायरीवर जाऊन बसतो, दार किलकिलं ठेवून, म्हणजे तिचा श्वास ऐकू येतो. तिच्यासमोर दाखवायला दोन ओळी मागे असल्याचं सोंग करतो, काम पिशवीतून अर्धंच बाहेर काढतो. तपासणीला आलेल्या साहेबापुढे दुकानदार जे करतात तेच.

वरच्या मजल्यावरचा वकील जिना उतरताना म्हणाला, "काय साहेब, नवा धंदा?" म्हटलं, "तुमच्या तोंडाला जाळी विणतोय." तो हसत गेला. बऱ्याच दिवसांनी कुणाला तरी हसवलं.

हात आता सैल पडलाय. शिंपले एकसारखे येतात. ती उठेल म्हणून कान दाराशी आणि डोळे सुईवर, आणि मधेच लक्षात येतं की मला हे आवडतंय. दोन तारखेनंतर ती बरी व्हायला लागेल असं मी धरून चाललोय. तिसऱ्या डोसानंतर फरक दिसतो, असं बाकावरचा एक माणूस सांगत होता.

३० नोव्हेंबर, शनिवार

टोपी झाली. सकाळी नाडी ओवली, ओल्या फडक्याने दाबून सारखी केली आणि चहाच्या ट्रेमध्ये ठेवून तिच्यापुढे नेली. तिने ओठावरून कड फिरवली. पूर्ण फेरी. मग दुसरी कड. एक चूक सापडेना. मी डोक्यावर घातली, नाडी ओढली, आरसा धरला. निळसर रंग तिला शोभतो. तिने बराच वेळ आरशात बघितलं आणि लिहिलं, "छान झालीय."

म्हटलं, "मग परवा सकाळी आठला निघू. मी रिक्षा सांगून ठेवतो."

तिने पाटी पुसली. नीट, कोपऱ्यापर्यंत पुसली. मग लिहिलं, "नाही."

मी करार दाखवला, वही दाखवली. माझा आवाज चढला. म्हणालो, तुझी सही आहे. तिने लिहिलं, "डॉक्टरांना फोन कर. मला लिहवत नाही."

डॉक्टरीणबाई या वेळी लगेच फोनवर आल्या. म्हणाल्या, "म्हणजे त्यांनी तुम्हाला सांगितलंच नाही?" ऑक्टोबरात, मी खाली औषधाच्या रांगेत उभा होतो तेव्हा त्यांनी हिला तपासणीचा निकाल दाखवला होता. औषध लागू पडत नाहीये. पुढचा डोस दिला तर फायदा नाही, उलट आहे ती ताकदही जाईल. बाई मला वर बोलावणार होत्या. हिने कागदावर लिहून दिलं, "त्यांना मी सांगते." आणि ती दोन तारीख? ती खिडकीवरच्या कारकुनाने मला दिली होती, त्यांनी नाही.

मी विचारलं, किती. त्या म्हणाल्या, "महिना. फार तर दीड."

ऑक्टोबरापासून. म्हणजे पहिली साखळी घातली तेव्हा तिला माहीत होतं.

१ डिसेंबर, रविवार

घरात आज दोन मुके आहेत. तिला दूध दिलं, नळी साफ केली, गोळ्या दिल्या, एक शब्द बोललो नाही. तिने दोनदा पाटी पुढे केली. मी वाचली नाही.

माझ्या तोंडाला पानं पुसली. एवढ्या वर्षांच्या नोकरीत इतकं सफाईदार कुणी फसवलं नव्हतं. सव्वीस दिवस तिच्यासाठी धावतोय असं समजून धावलो. आता कुठे धावू.

मला फार राग आलाय आणि तो तिच्यावर नाही, पण घरात दुसरं कुणी नाही.

२ डिसेंबर, सोमवार

आठ वाजले. साडेआठ वाजले. रिक्षा सांगितली नव्हती तरी खाली हॉर्न वाजला की मी उठत होतो. ती टोपी घालून पलंगावर बसली होती. नऊ वाजता मी पाटी तिच्या हातात दिली आणि म्हणालो, "लिही काय लिहायचंय ते."

तिने हळूहळू लिहिलं, मधे थांबत. पाटी चार वेळा भरली. मी जसंच्या तसं उतरवतोय.

"तू कधी बसतच नाहीस. बेचाळीस वर्षं. दवाखाना, रांगा, फोन, येरझारा. सांगितलं असतं तर अजून धावला असतास. दुसरा डॉक्टर, तिसरा डॉक्टर. दोरा दिला तेव्हा शेजारी बसलास. झाली असती तर उठला असतास. म्हणून उसवायला लावलं."

मी विचारलं, "आता काय करू?"

तिने डोक्यावरची टोपी काढून माझ्या मांडीवर ठेवली. "उसव."

या वेळी वाद घातला नाही. शेवटची गाठ कापली आणि दोरा ओढला. ती गुंडा धरून होती, गुंडाळता येत नव्हतं तरी धरून होती. ओळीमागून ओळ गेली. सातव्या ओळीत तो जास्तीचा मुका आला आणि मी थांबलो. एकवीस तारीख. शिंपला झाला होता, मुकाही घातलेला होता, आणि तिने लिहिलं होतं, एक मुका. खांब नव्हतं लिहिलं. एवढंच लिहिलं होतं.

सत्तरीला आलेला माणूस गाढव असू शकतो. कुणीही शिक्का मारून द्यावा.

म्हणालो, "त्या दिवशीचं आज कळलं."

तिने लिहिलं, "अकरा दिवस उशीर. दंड भर."

भरला. कपाळावर, आणि आणखी एक, दंड म्हणून. तिच्या कपाळाला औषधाचा वास येतो. मग खाली बसून मला रडू आलं, चांगलं मोठ्याने आलं. ती माझ्या डोक्यावरून बधिर बोटं फिरवत राहिली. तिला माझे केस कळत होते की नाही, विचारलं नाही.

संध्याकाळी साखळी सुरू केली.

७ डिसेंबर, शनिवार

नोकरीत एकही खोटं माप पास केलं नाही. आता रोज एक तरी करतो. कधी शिंपल्यात सहा खांब घालतो, कधी मुका गाळतो, परवा एक घर सोडून दिलं. मग काम तिच्या ओठाशी धरतो. तिला सापडतंच. सापडलं की खडूने पाटीवर टक्कन मारते आणि माझ्याकडे अशी बघते, जसं काही आयुष्यात शिकलोच नाही. मी हातावर हात मारून घेतो, "हात्तिच्या, पुन्हा चुकलं" म्हणतो, आणि उसवतो.

मी मुद्दाम करतो हे तिला कळलंय असं मला वाटतं. त्यावर आम्ही बोलत नाही.

वेदनेचं औषध वाढवलंय. ते दिलं की तासभर बरी असते, तो तास विणायचा. दूध आता चमच्याने. टेप कपाटात टाकला आहे.

११ डिसेंबर, बुधवार

लेक आली. दारातच आईला बघून तिचा चेहरा उतरला, पण सावरली. दुपारी माझ्या हातातलं काम बघून म्हणाली, "बाबा, महिन्याभरात चार बोटं? द्या इकडे, मी दोन दिवसांत पूर्ण करते. आईला घालायला तरी मिळू दे."

मी असा ओरडलो की ती मागे सरली. "हात लावायचा नाही."

मग तिला स्वयंपाकघरात नेऊन सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई, ऑक्टोबर, सही, उसवणं. ती नळ सोडून सिंकशी उभी राहिली आणि बराच वेळ एकच कप धूत होती. बाहेर आल्यावर माझ्या पायाशी बसली आणि गुंडा हातात घेतला. संध्याकाळी आईने चूक पकडली तेव्हा लेकच म्हणाली, "काय हो बाबा, कधी शिकणार तुम्ही?" हिचे खांदे जरासे हलले.

आता तिघे मिळून एक टोपी होऊ देत नाही.

१४ डिसेंबर, शनिवार

दिवसभर झोप. पाटीवर एकच शब्द लिहिला, "पाणी", आणि तोही पुरा नाही. दोन ओळी झाल्या. तपासणी नाही.

१७ डिसेंबर, मंगळवार

सकाळी जागी होती. डोळे स्वच्छ होते. लेक म्हणाली, "बाबा, आई कामाकडे बघतेय." मी घाईने खुर्ची ओढली. परवा सगळं उसवून नव्याने घातलेली साखळी होती, सुरुवातीची, आणि ती मी एकशे तेरा घातली होती. इतकी सोपी चूक मी आजवर ठेवली नव्हती. शिवाय मधे एक पीळही दिला होता, बघताक्षणी दिसेल असा.

साखळी तिच्या ओठावर ठेवली आणि सावकाश ओढली. तिने डोळे मिटले होते. तिच्याबरोबर मीही मनात मोजत होतो. पीळ आला, ओठावरून गेला. एकशे बारा झाल्या. एकशे तेरा झाल्या. मी पाटी तिच्या हाताखाली सरकवली आणि खडू बोटांत दिला.

तिने खडू उचलला नाही. मान हलवली, वरखाली, एकदा. बरोबर आहे, असं.

कदाचित पुन्हा मोजेल म्हणून साखळी तिच्या ओठाजवळच धरून ठेवली. मग लेकीने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"एक जास्त आहे," मी लेकीला सांगितलं, "आणि पीळही आहे." आणि मीच उसवायला घेतलं.